चिकूची तुळई

फ्रँकफर्टच्या वनस्पतिउद्यानातल्या उष्ण काचघरात शिरताना दोन दारं लागतात. पहिल्या दारानंतर कोट काढायचा, दुसऱ्या दारानंतर थांबायचं. बाहेरच्या थंडीतून आलेल्या चष्म्यावर क्षणात वाफ धरते आणि समोरचं सगळं पांढरं होतं. माझ्या वयाची माणसं घाईघाईनं काचा पुसतात. मी पुसत नाही. त्या मिनिटभरात फक्त नाक आणि कान उरतात. भिजलेली माती, कुजत आलेली पानं, तापलेल्या पाइपांचा किंचित गंजका वास, आणि कुठेतरी उंचावरून पानावर पडणारं पाणी. टप्प. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टप्प. तेवढ्यात मी ग्वाटेमालात, तिकालच्या जंगलात पोचलेला असतो आणि कुमुद, माझी बायको, माझ्या उजव्या हाताला अर्धं पाऊल मागे चालत असते.

चष्मा आपोआप निवळतो. मग मी डावीकडच्या वाटेनं एका झाडापाशी जातो. झाड फार मोठं नाही. छत काचेचं, म्हणून दरवर्षी छाटतात. फांद्यांच्या टोकांना जाड, चकचकीत पानांचे झुपके. बुंध्याशी पाटी आहे. वर लॅटिन नाव, खाली जर्मन. त्या जर्मन नावात ‘आप्फेल’ आहे, म्हणजे सफरचंद. झाडाचा सफरचंदाशी काहीही संबंध नाही. हे मला फार पूर्वी कळलं होतं, आणि जिथे सांगायला हवं होतं तिथे मी ते सांगितलं नाही. कुमुद गेली. तिच्या नावावर एक खोटी गंमत राहून गेली. ती पुसायची म्हणून हे लिहितो आहे.

मार्क जाऊन युरो आला, त्या हिवाळ्यातली गोष्ट. लुडविग्सहाफेनच्या रसायनांच्या कारखान्यातून मी नुकताच निवृत्त झालो होतो. कुमुद खिडकीत उभी राहून राखाडी राइनकडे बघत म्हणाली, “अहो, मला एकदा घाम येईल अशा ठिकाणी घेऊन चला.” ट्रॅव्हल एजन्सीच्या गुळगुळीत पुस्तिकेत ग्वाटेमालाची सहल होती. जंगल, जंगलात बुडालेली शहरं, सोबत जर्मन बोलणारी मार्गदर्शक. पानावर मोठ्या अक्षरांत ‘माया’, तिथल्या प्राचीन लोकांचं नाव, लिहिलं होतं. कुमुदनं ते वाचलं आणि हसली. तिच्या भाषेत माया म्हणजे शिवणीत सोडलेलं जादा कापड. वाढत्या अंगाच्या पोरीचा फ्रॉक शिवताना आत दोन बोटं राखून ठेवतात, ती माया. “या लोकांनी कुणासाठी ठेवली असेल?” ती म्हणाली. पुढे विमानात, बसमध्ये, डासांच्या जाळीत, ती हाच प्रश्न नाना तऱ्हेनं विचारत राहिली. एवढी शहरं बांधून माणसं गेली कुठे, आणि जाताना मागे काय ठेवून गेली?

त्या सहलीतलं पहिलं मला आठवतं ते काळोखासारखं दाट हिरवं, आणि त्यातून आलेली एक गर्जना. आमच्या गटातल्या एका बाईच्या हातातला थर्मास खाली पडला. वाघ नव्हता. झाडाच्या शेंड्यावर मांजराएवढी दिसणारी काळी माकडं बसली होती आणि पंपाची झडप अडकल्यासारखा आवाज काढत होती. मग कोपालचा धूर आठवतो. तिथले लोक देवळांपुढच्या गोल दगडांवर ती राळ जाळतात. धूप आणि लिंबाची साल एकत्र जाळली तर येईल तसा वास. चुनखडीचे ओले दगड, त्यांवर मखमलीसारखं शेवाळं. पानांचे हिरवे तुकडे डोक्यावर धरून जाणाऱ्या मुंग्यांची रांग, इतकी लांब की कुमुद तिच्या कडेकडेनं चालत वाट सोडून गेली आणि तिला परत बोलवावं लागलं. “मिरवणूक आहे,” ती म्हणाली, “पण वाजंत्री नाहीत.”

आमची मार्गदर्शक फ्राउ ब्रेंडल माइन्त्सची. साठीच्या आतबाहेरची, उन्हानं रापलेली. लाल छत्री मिटून उंच धरायची आणि तिच्यामागून आम्ही सगळे, चालायच्या काठ्या टेकत. तिच्यासोबत तिथलाच एक म्हातारा वाटाड्या असे. तो स्पॅनिशमध्ये सांगे, फ्राउ ब्रेंडल त्याचं जर्मन करी आणि मी त्या जर्मनचं मराठी, कुमुदच्या कानाशी. कुमुदचं जर्मन बेकरी आणि भाजीपुरतं होतं. एवढ्या पायऱ्या उतरून आलेलं वाक्य शेवटी तिच्यापर्यंत पोचे तेव्हा त्यात फारसं काही उरत नसे. मला फोटोसाठी थांबलेल्या लोकांचा कंटाळा यायचा, उकाड्यानं डोकं दुखायचं. फ्राउ ब्रेंडल चंद्राच्या पंचांगावर हात हलवत बोले आणि मी म्हणे, “यांचंही पंचांग होतं.”

“एवढंच?”

“सारांश हाच.”

“ती बाई मीटरभर बोलली आणि तुम्ही मला हातरुमाल दिलात. भाषांतराला थोडी माया तरी ठेवत जा.”

यावर मी हसलो होतो. किती चांगलं बोलली ते तेव्हाही कळलं होतं.

एका सकाळी आम्ही लाकडी जिन्यांनी एका देवळाच्या माथ्याशी चढलो. खाली सगळीकडे झाडांचे शेंडे, धुकं, आणि त्यातून वर आलेल्या दोन-तीन दगडी देवळांच्या पाठी, जणू पाण्यातून म्हशी. जिना चढून सगळ्यांच्या छातीचे भाते चालू होते. फ्राउ ब्रेंडलनं छत्रीचं टोक गाभाऱ्याच्या दारावर नेलं. तिथे, दगडाच्या भिंतीत, लाकडाच्या काळपट तुळया होत्या. हजार-बाराशे वर्षांपूर्वीचं लाकूड. दगड ढासळले तरी ते टिकलं होतं. यातल्या कोरीव तुळया फार पूर्वी युरोपात गेल्या, ती म्हणाली, बाझेलला आहेत. माझ्या घराखालून वाहणारी राइन त्याच गावातून येते, हे मला गमतीचं वाटलं. मग तिनं लाकडाचं नाव सांगितलं. ब्राय-आप्फेल-बाउम. लोखंडासारखं कठीण.

“सफरचंदाचं लाकूड आहे,” मी कुमुदला म्हणालो.

“सफरचंद? या उकाड्यात?”

“जंगली असेल.”

“तुम्ही काश्मीरला कधी चिकू पाहिलेत का?”

मी तिला गप्प राहायची खूण केली. ब्राय म्हणजे लापशी, आप्फेल म्हणजे सफरचंद. मला दोन्ही शब्द येत होते आणि दोन्ही येत असल्यामुळेच मी फसलो होतो. तीस वर्षं ज्या भाषेत मीटिंगा घेतल्या त्या भाषेतल्या एका फळानं आपल्याला चकवावं, हे माझ्या मनाला शिवलंही नाही.

उतरताना वाटेच्या कडेला एक उंच झाड होतं. बुंध्यावर खालपासून वरपर्यंत कोयत्याच्या जुन्या, तिरक्या खाचा, माशाच्या काट्यासारख्या. कुमुद थांबली. खाली पडलेली डहाळी उचलून तिनं पान देठाशी मोडलं. पांढरा थेंब आला. तो तिनं अंगठा आणि बोटात धरून ताणला, तार निघाली. कुमुद घोलवडची. तिच्या माहेरी घराच्या तिन्ही बाजूंना चिकूची वाडी होती. दुपारी पाटीतल्या चिकूंची साल नखानं खरवडून आत हिरवं आहे की पिवळं ते बघायचं, हा तिचा लहानपणीचा खेळ. वाळल्यावर हातांना चिकटणारा तो चीक, पेंढ्यात पिकत घातलेल्या फळांचा गोड, जरासा दारूसारखा वास, हे तिच्याकडून इतक्यांदा ऐकलं होतं की कधी कधी मलाच आठवल्यासारखं वाटे.

“अहो, हे चिकूचं झाड आहे. चीक बघा. पान बघा.” ती मोठ्यानं म्हणाली. तिचा चेहरा असा झाला होता, जसा परगावच्या गर्दीत अचानक शेजारीण भेटल्यावर होतो.

गटातली मंडळी वळून बघू लागली. ती काय म्हणतेय, असं कोणीतरी मला विचारलं. मी जर्मनमध्ये सांगितलं की माझ्या बायकोला हाइमवे झालाय, घरची ओढ लागलीय. सगळे मायेनं हसले. एका बाईनं कुमुदच्या दंडावर थोपटलं. हाइमवे हा शब्द कुमुदला येत होता. जर्मनीतल्या पहिल्या हिवाळ्यात ती जे चार शब्द शिकली त्यातला तो एक. तिनं हातातलं पान खाली टाकलं नाही. पुस्तिकेच्या पानांत ठेवलं आणि चालू लागली.

निघायच्या दिवशी दुपारी कुमुद वर खोलीत बॅगा भरत होती. मी हॉटेलच्या बागेत आलो. फ्राउ ब्रेंडल झाडाखालच्या टेबलाशी बसून खिशातल्या चाकूनं काहीतरी कापत होती. चाखून बघा, म्हणाली, तुमच्या देवळातलं ब्राय-आप्फेल. तिनं पुढे केलेली फोड तपकिरी होती, रवाळ, मध्ये काळी तुकतुकीत बी. मी ती तोंडात टाकली. त्यानंतर काही क्षण मी त्या बागेत नव्हतो. मी लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात घोलवडला पडवीत बसलो होतो, सासरे माझ्यापुढे चिकूंचं ताट सरकवत होते आणि आतून कुमुदच्या बांगड्या वाजत होत्या. हे भारतातही मिळतं का, मी मूर्खासारखं विचारलं. “जा, गेनाऊ,” ती म्हणाली, अगदी बरोबर; इथूनच गेलं ना सगळीकडे. याच चिकाचं च्युइंगगम व्हायचं, त्या खाचा त्यासाठीच. मी अख्खा चिकू खाल्ला. नळावर हात धुतले. वर गेलो तेव्हा कुमुदनं विचारलं, खाली काय करत होतात? पाय मोकळे करत होतो, मी म्हणालो.

का? तिला हाइमवे झालाय असं सगळ्यांसमोर म्हटलं होतं, ते मागे घ्यावं लागलं असतं.

त्या वर्षीच्या वसंतात आमच्या मराठी मंडळानं कुमुदला प्रवासावर बोलायला सांगितलं. फ्रँकफर्टजवळच्या एका चर्चचं सभागृह भाड्यानं घेतलं होतं. जर्मन लोकांत डिया-आबेंड म्हणून एक प्रकार असतो, सहलीहून आलं की पाहुणे बोलवायचे आणि पडद्यावर पारदर्शिका दाखवायच्या. त्यांना डिया म्हणतात. कुमुदला त्याची भारी हौस. कॅमेरा तिचाच असे, फिल्म तिचीच. एकेक डिया ती ओट्यावरच्या दिव्यापुढे धरून निवडायची आणि लांबट पेटीत क्रमानं लावायची. मी मध्ये पडलेलं तिला चालत नसे. त्या दिवशी दाराशी कोटांचा ढीग, स्वयंपाकघरातून बटाटेवड्यांचा वास, तळघरात पोरांचा जर्मन कल्ला. कुमुद नारायणपेठी साडी आणि खाली लोकरीचे मोजे घालून उभी. प्रोजेक्टरचा पंखा घुरघुरत होता, तापलेल्या दिव्यावर धूळ जळाल्याचा वास येत होता. खट् करून एक चित्र जाई, खर्र करून दुसरं येई.

ती फार छान बोलली. माझ्या हातरुमालांतून तिनं केवढं लुगडं विणलं होतं. मुंग्यांच्या मिरवणुकीला लोक हसले, माकडांची नक्कल करून तिनं हसवलं. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होतो आणि मला वाटत होतं, आपणही या सहलीला जायला हवं होतं.

मग तुळईचा डिया आला. “हे लाकूड ओळखा,” ती म्हणाली. कुणी साग म्हणालं, कुणी शिसव. “चिकू,” ती म्हणाली. “माझ्या माहेरच्या झाडाचं.”

पहिल्या रांगेत सबनीस होते. र्युसेल्सहाइमला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर, वाद घालायला नेहमी पुढे, मनानं निर्मळ. “वहिनी, चिकू आपला हो. घोलवडचा. तिथे कुठला?”

“तिथूनच आपल्याकडे आला.”

“कोण म्हणतं?” सबनीस मागे वळले. “भाऊ, तुम्ही होतात ना? गाइड काय म्हणाली?”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कुमुदचीही. तिच्या चेहऱ्यावर तुळईचा प्रकाश अर्धा पडला होता. ती हसत होती. थोडी थांबली होती, जशी नाटकात दुसऱ्यानं वाक्य घ्यावं म्हणून थांबतात.

“आप्फेल म्हणाली,” मी म्हणालो. “सफरचंद. हिला काय, जंगलभर घोलवडच दिसत होतं.”

सभागृह हसलं. वाईट हसलं नाही. आपल्या माणसांना हसतात तसं हसलं. कुमुदच्या हातात कळ होती. ती तिनं दाबली नाही. वाकून तिनं प्रोजेक्टर बंद केला आणि म्हणाली, “चला, वडे गार होतायत.” पंखा थोडा वेळ एकटाच फिरत राहिला.

तेव्हापासून मंडळात ती चिकूवहिनी. गणपतीत, कोजागिरीला, दिवाळीच्या फराळाला. या चिकूवहिनी, या झाडाला कोणतं फळ लागतं, सांगा. ती हसून उत्तर द्यायची, आणि चांगलं द्यायची. पण पुन्हा बोलायला बोलावलं की म्हणायची, “आता ह्यांना बोलवा. ह्यांचं जर्मन पक्कं आहे.” पुढच्या सहलींना, सिसिलीला, इजिप्तला, मी सवयीनं तिच्या कानाशी वाकलो की ती हात हलवायची. “तुम्ही ऐका, मी बघते.” माझा आवाज मग माझ्यापाशीच राहायचा. एखादं वाक्य मनातल्या मनात मराठीत जुळवायचो, या वेळी सैल, अघळपघळ, भरपूर माया ठेवून. आणि ती चार पावलं पुढे कुठल्यातरी खांबावर हात फिरवत असायची.

ती गेली तो हिवाळा मी इथे लिहिणार नाही. शोकसभेत सबनीस बोलले, प्रेमानं बोलले, आणि बोलता बोलता सफरचंदाचा किस्सा सांगितला. लोक रडता रडता हसले. मीही मान हलवली.

गेल्या नोव्हेंबरात तळघरातल्या आमच्या कोठडीत हीटरवाल्याला जागा करून देताना मला प्रोजेक्टर सापडला. पेटी त्यावरच बसवलेली, त्या संध्याकाळी थांबली होती तिथेच. रविवारी दुपारी मी दिवाणखान्यातल्या खिडकीच्या गुंडाळत्या झडपा, रोलाडेन, खाली ओढल्या, भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि दिवा लावला. धूळ जळाली. तुळई आली, थोडी वाकडी, माझ्या भिंतीच्या खडबडीतपणावर. या पेटीतलं पुढचं काही कोणी पाहिलेलं नव्हतं. मीही नाही. तिनं त्या संध्याकाळसाठी पुढे काय राखून ठेवलं होतं याचं मला एकदम लहान मुलासारखं कुतूहल वाटलं. मी कळ दाबली.

हॉटेलची बाग, वरून घेतलेली. खोलीच्या गच्चीतून. टेबल, बशी, बशीत काळ्या बिया. फ्राउ ब्रेंडलच्या हातात चाकू. आणि मी. हातात अर्धा चिकू, तोंड भरलेलं, डोळे मिटलेले.

डिया फार वेळ ठेवला तर उष्णतेनं किंचित फुगतो आणि चित्र धूसर होतं. मग आपोआप पुन्हा स्पष्ट होतं. ते तसं होत राहिलं. म्हणजे ‘खाली काय करत होतात’ हे विचारताना तिला माहीत होतं. तुळईनंतर हा डिया तिनंच लावला होता. मला वाटतं, तिच्या मनात गंमत होती. तिनं चिकू म्हणायचं, कोणीतरी हरकत घ्यायची, ती माझ्याकडे बघणार, मी ‘हो’ म्हणणार, आणि मग हा फोटो: बघा, चोरून कोण खातंय. सगळे हसतील, आम्ही दोघंही. माझं वाक्य तिनं माझ्यासाठी सोडून ठेवलं होतं. मी दुसरंच बोललो. तरीही कळ तिच्या हातात होती. एकदा बोट दाबलं असतं तर सबनीसांसकट सगळ्यांना कळलं असतं की मी खोटं बोलतोय. तिनं बटणावरून बोट काढलं आणि वड्यांची काळजी केली. मग चार वर्षं चिकूवहिनी म्हणवून घेतलं.

त्या पेटीत अजून बरेच डिया होते. मी पुढे गेलो नाही. त्यांच्यावर माझा एकट्याचा हक्क आहे असं वाटेना.

मी सबनीसांना फोन केला. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात थोडा वेळ द्या, म्हणालो, कुमुदचं भाषण अर्धं राहिलंय. ते गोंधळले. डिया? भाऊ, आता सगळं लॅपटॉपवर असतं, स्कॅन करून देतो. नको, म्हणालो, मशीन मी आणतो, तुम्ही फक्त पडदा आणा.

पुन्हा तेच सभागृह. कोटांचा ढीग तसाच, माणसं बरीच नवी. मी मोठं भाषण केलं नाही. ब्राय-आप्फेल म्हणजे चिकू, एवढं आधी सांगितलं. चिकू आपल्याकडे तिकडूनच आला, आणि ती तुळई चिकूचीच आहे. कुमुद जे बोलली ते अक्षर अन् अक्षर खरं होतं. मग म्हणालो की त्या संध्याकाळी मला हे माहीत होतं. सभागृहात खुर्चीचा पाय घासल्याचा आवाज आला. सबनीस काहीतरी बोलायला उठले आणि परत बसले. मी तुळई दाखवली. मग पुढचा डिया.

मग मागून एका बाईचा आवाज आला, कोण ते मला दिसलं नाही. “काका, डोळे मिटून खाताय की हो.” आणि सभागृह हसलं, मोठ्यानं, बराच वेळ. मी पडद्याशेजारी उभा होतो, तो प्रकाश माझ्या बाहीवर पडला होता. मी त्यांना हसू दिलं. सबनीस चष्मा काढून रुमालानं डोळे पुसत होते.

“वहिनींना कळलं होतं म्हणजे,” ते शेवटी म्हणाले.

“हो.”

“आणि आम्ही इतकी वर्षं...” त्यांनी पेटीकडे बोट केलं. “अजून आहेत ना? पुढचा कशाचा आहे?”

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. “मी पाहिलेला नाही.”

लोक खुर्च्या पुढे ओढू लागले. मी कळ दाबली.